पुण्याची जागा दिल्लीत पोचली, कोल्हापूर रांगेतही नाही

२०१४ साली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली तेव्हा आठ संघांतला एक पुण्याचा होता: एफसी पुणे सिटी. बालेवाडीत तो पाच हंगाम खेळला, एकदा उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये मालकांनी गाशा गुंडाळला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २०२१-२२ चं विजेतेपद पटकावलं, मग पैशाचे वांधे झाले आणि संघाची रया गेली. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत एक विजय आणि आठ गुण मिळवून तो तळाला राहिला. तरी पुढच्या वर्षी लीगमध्ये होताच. मालक बदलले आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला हलला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याची जागा अशी हैदराबादमार्गे राजधानीत पोचली. या सबंध प्रवासात मैदानावर हरलं म्हणून कुणी बाहेर पडलं नाही, की जिंकलं म्हणून कुणी आत आलं नाही.

त्याच बालेवाडीत आधी आणखी एक संघ खेळायचा. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, दुसऱ्या श्रेणीत खेळला, २००९ मध्ये तिथून वर आला आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आला. रीतसर, एकेक पायरी चढून. आयएसएल आल्यावर फार काळ गेला नाही, त्याच्याही मालकांनी हात आखडता घेतला आणि वरिष्ठ संघ बंद पडला. चढून आलेल्या संघाचं आज नावनिशाण नाही, आणि विकत घेतलेली जागा मात्र अजून जिवंत आहे, फक्त पुण्यात नाही.

भारतीय फुटबॉलवर चर्चा निघाली की सगळे आयएसएलबद्दल किंवा राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीबद्दल बोलतात. मला खालच्या श्रेणींबद्दल बोलायचं आहे, कारण रोग तिथे दिसतो आणि औषधही तिथेच लागू पडेल. त्या श्रेणींना पैसा हवाच, पण पैशाआधी न बदलणारे नियम हवेत. त्यातला पहिला नियम असा की वरच्या लीगमधला शेवटचा संघ खाली येईल. हा एक नियम पाळला जात नाही तोवर खालच्या लीगचा फॉरमॅट कितीही वेळा नव्याने आखा, ती लीग म्हणजे नुसती प्रतीक्षायादी राहणार.

फॉरमॅट आखण्यात आपण कधी आळस केलेला नाही. १९९६-९७ ला राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी. पाठोपाठ तिची दुसरी श्रेणी आली. २००७ मध्ये लीगचं आय-लीग झालं, पहिलं विजेतेपद गोव्याच्या धेंपोने घेतलं, आणि खाली आय-लीग सेकंड डिव्हिजन आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या आराखड्याने आयएसएलला देशातली अव्वल लीग ठरवलं. त्यासरशी आय-लीग दुसऱ्या पायरीवर आणि सेकंड डिव्हिजन तिसऱ्या पायरीवर गेली. नाव मात्र सेकंडच. २०२० आणि २०२१ मध्ये तिच्या जागी नुसती पात्रता फेरी झाली. २०२२-२३ पासून तिला आय-लीग २ म्हणू लागले आणि २०२३ मध्ये तिच्याही खाली आय-लीग ३ सुरू झाली. एखादा क्लब या काळात जागचा हलला नसता तरी एक पायरी खाली गेला असता, एकही सामना न हरता.

हे नुसतं नावांचं झालं. स्पर्धेचं स्वरूपही असंच बदलत राहिलं. कधी गट पाडून एकाच शहरात सगळ्यांना जमवायचं आणि दोन-तीन दिवसांआड सामने उरकायचे, मग अंतिम फेरी दुसऱ्याच शहरात. कधी घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळायचं. २०१७-१८ पासून आयएसएल क्लबांचे राखीव संघही या श्रेणीत उतरले, पण त्यांना वर जाण्याचा हक्क नव्हता. म्हणजे गटात काही संघ जिंकून वर जाण्यासाठी खेळताहेत आणि काही सरावासाठी. अशा गटातून निघालेल्या गुणतालिकेला काय अर्थ, हा प्रश्न तेव्हाही फारसा कुणी विचारला नाही. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हिशेब आणखी साधा आहे. एका शहरातल्या तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी कुठलाही क्लब खेळाडूला वर्षभराचं मानधन देत नाही. उरलेले महिने त्याने काय करायचं? तो स्थानिक स्पर्धांत पैशावर खेळतो किंवा नोकरी शोधतो.

आणि जे जिंकून वर आले त्यांचं काय झालं ते बघा. २०१२ मध्ये युनायटेड सिक्कीम वर आला. बायचुंग भुतियाचं नाव त्याच्यामागे होतं, तरी एका हंगामात खाली गेला आणि विरून गेला. २०१३ चा विजेता शिलाँगचा रांगदाजिद एक हंगाम खेळून बाहेर पडला. २०१४ चा रॉयल वाहिंगडोह, तोही शिलाँगचा, आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि लगेच माघार घेऊन मोकळा झाला. २०१६ चा विजेता धेंपो. पाच वेळा देशाचा विजेता राहिलेला हा क्लब खाली गेला, दुसरी श्रेणी जिंकली आणि वर जायच्या ऐन वेळी थांबला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा यांनीही त्याच सुमारास आय-लीग सोडली. आय-लीगला खालचा दर्जा देण्याचे बेत तेव्हा उघड झाले होते आणि गोव्याच्या क्लबांना ते मान्य नव्हते. जी लीग उद्या खालची ठरणार तिच्यात चढायचं कशाला, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. धेंपो पुन्हा अगदी खालून सुरुवात करून २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

नियम आहेत, पण ते कुणाला लागू होतात ते बघायचं तर २०१५-१६ चा हंगाम काढा. आय-लीगमध्ये नऊ संघ होते. नववा आला पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, आठवा मिझोरमचा ऐजॉल एफसी. खाली कोण गेलं? ऐजॉल. डीएसकेला लीगमध्ये सरळ प्रवेश मिळाला होता आणि अशा संघांना सुरुवातीची काही वर्षं रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकललं जाण्यापासून, अभय होतं. ऐजॉल आदल्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून आला होता. खेळून आलेला संघ शेवटून दुसरा येऊन गेला आणि पैसे भरून आलेला शेवटचा येऊनही राहिला.

पुढची गंमत सगळ्यांना माहीत आहे. गोव्याचे संघ बाहेर पडल्याने जागा रिकाम्या झाल्या, ऐजॉलला परत बोलावलं गेलं आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबशी १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉल देशाचा विजेता झाला. प्रशिक्षक होता खालिद जमील, ज्याला मुंबई एफसीने आदल्या वर्षी निरोप दिला होता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला, खाली गेला आणि बंदच पडला. डीएसकेही २०१७ नंतर दिसला नाही. ऐजॉलची गोष्ट भारतीय फुटबॉलची परीकथा म्हणून सांगतात. मला ती सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण तिच्या मुळाशी एक अन्याय आहे आणि त्याचं निवारण झालं ते केवळ योगायोगाने.

रेलिगेशन आपल्याकडे होतच नाही असं मात्र नाही. आय-लीगमधून खाली जावं लागतं. २०२३-२४ मध्ये नेरोका आणि ट्राऊ हे इंफाळचे दोन्ही क्लब खाली गेले. राज्य पेटलेलं असल्याने त्यांना घरचे सामनेही मणिपूरबाहेर खेळावे लागले होते. स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या मैदानावर खेळायला न मिळालेल्या या संघांना नियम पूर्णपणे लागू झाला. आणि त्याच वर्षी आठ गुणांचा हैदराबाद आयएसएलमध्ये सुखरूप राहिला. मणिपूरच्या क्लबांना सूट द्यायला हवी होती असं मी म्हणत नाही. एकाच भारतीय फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली एका मजल्यावर कायदा आणि दुसऱ्या मजल्यावर अभय, हे कुठल्या न्यायात बसतं एवढंच विचारतो.

२०१९ च्या त्या आराखड्यात आय-लीगच्या विजेत्याला २०२२-२३ पासून सहभाग शुल्क न घेता आयएसएलमध्ये प्रवेश आणि २०२४-२५ पासून पूर्ण चढ-उतार, असं ठरलं होतं. अर्धं पाळलं गेलं. पंजाब २०२३ मध्ये वर गेला, मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये. उरलेल्या अर्ध्याचं काहीच झालं नाही. २०१४ ते २०२५ या काळात आयएसएलचे अकरा हंगाम झाले, रेलिगेट झालेला संघ शून्य. (कोलकात्याचे दोन दिग्गज २०२० मध्ये वर गेले ते वेगळ्याच दाराने: मोहन बागानने आय-लीग जिंकली खरी, पण प्रवेश मिळाला एटीकेमध्ये विलीन होऊन, आणि ईस्ट बंगालला गुंतवणूकदार मिळाला म्हणून.)

मग वर जाण्याची ती एकुलती एक जागा किती मोलाची होते ते २०२४-२५ च्या आय-लीगने दाखवलं. ६ एप्रिलला शेवटचे सामने झाले. चर्चिल ब्रदर्स ४० गुण, वाराणसीचा इंटर काशी ३९. पण जानेवारीतल्या एका सामन्याचा निकाल लागायचा होता. नामधारी या संघाने काशीला २-० असं हरवलं होतं, पण चार पिवळी कार्डं झाल्याने बंदी असलेला खेळाडू उतरवून. शिस्तपालन समितीने ते तीन गुण काशीला दिले, अपील समितीने तो निर्णय फिरवला. मग काशीच्याच एका खेळाडूच्या नोंदणीवरून दुसरं प्रकरण उभं राहिलं. चर्चिलला विजेता जाहीर केलं, चषकही दिला. अखेर स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या क्रीडा लवादाने जुलैमध्ये निकाल दिला: विजेता इंटर काशी. देशातल्या दुसऱ्या श्रेणीचा विजेता हंगाम संपल्यावर तीन महिन्यांनी परदेशात ठरला. कार्डांची मोजदाद ही सामन्याआधी पाच मिनिटांत करता येण्यासारखी गोष्ट आहे. पण नियम वेळेवर आणि सगळ्यांना सारखा लावायची सवयच नसेल तर पाच मिनिटांचं काम लवादापर्यंत जातं.

यावर ठरलेलं उत्तर असं की युरोपची गोष्ट वेगळी, तिथे शंभर वर्षांची परंपरा आहे. परंपरेचं म्हणाल तर इंग्लंडचं दार आपल्याला वाटतं तितकं जुनं नाही. १९८६ पर्यंत तिथेही चार श्रेणींची फुटबॉल लीग हा बंद वाडा होता. तळाच्या चार संघांनी फेरनिवडीसाठी अर्ज करायचा, बाहेरच्या संघांनीही अर्ज करायचा आणि मतदान करायचं लीगच्याच क्लबांनी. जुने लोक जुन्यांनाच मत देणार हे उघड होतं. १९७९ मध्ये चार श्रेणींखालचे चांगले संघ एकत्र येऊन अलायन्स प्रीमियर लीग सुरू झाली, आजची नॅशनल लीग ती हीच. तिचा पहिला विजेता ऑल्ट्रिंगम. १९८० च्या मतदानात रॉचडेलला २६ मतं पडली, ऑल्ट्रिंगमला २५. पुढच्या वर्षी ऑल्ट्रिंगमने लीग पुन्हा जिंकली, तरी दार बंदच.

१९८६-८७ पासून नियम बदलला: चौथ्या श्रेणीतला शेवटचा थेट खाली, नॅशनल लीगचा विजेता थेट वर. मग त्या हंगामाचा शेवटचा दिवस, ९ मे १९८७, कसा गेला ते पाहा. धोक्यात तीन क्लब होते, बर्नली, टॉर्की आणि लिंकन सिटी. यातला बर्नली तर १९६० साली इंग्लंडचा विजेता होता. त्या दिवशी चौथ्या श्रेणीच्या तळाच्या सामन्याला बर्नलीत तोबा गर्दी झाली आणि ते २-१ असे जिंकून वाचले. टॉर्की क्रूविरुद्ध मागे होता. अशात बंदोबस्तावरचा पोलिसांचा कुत्रा टॉर्कीच्याच एका बचावपटूच्या मांडीला चावला, उपचारासाठी खेळ थांबला आणि त्या वाढीव वेळेत टॉर्कीने बरोबरीचा गोल केला. लिंकन तिकडे स्वान्सीत हरला होता. तो खाली गेला. आणि मग? पुढच्याच वर्षी लिंकनने खालची लीग जिंकली आणि परत आला. ल्यूटन टाउन २००९ मध्ये खाली गेला, पाच वर्षं तिथे काढली आणि २०२३ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोचला. रेक्सम पंधरा वर्षं खाली राहिला. यातला कुठलाही क्लब रेलिगेशनने मेला नाही, कारण खाली गेल्यावर तिथेही नऊ महिन्यांचा हंगाम, प्रेक्षक आणि परतीची लिहिलेली वाट होती.

इंग्लंडने यातही लबाडी केली, तीही सांगितली पाहिजे. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड, १९९६ मध्ये स्टीव्हनेज: लागोपाठ तीन विजेत्यांना मैदान निकषांत बसत नाही म्हणून वर घेतलं नाही. आपल्याकडचं क्लब लायसन्सिंग, म्हणजे क्लबला लीगमध्ये खेळण्याचा परवाना देण्याची पद्धत, याच वाटेने जाऊ शकतं. लायसन्स हवंच; मैदान, युवा संघ, खेळाडूंचे थकलेले पगार यांची तपासणी व्हायलाच हवी. पण निकष हंगामाआधी जाहीर करा, पूर्ततेला वर्षभर द्या आणि तळाच्या आयएसएल संघाला तीच फूटपट्टी लावा. २०२३-२४ मध्ये हैदराबादच्या खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या रोज येत होत्या. त्या फूटपट्टीत तो कितपत बसला असता?

फ्रँचायझी मालकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यांनी वर्षानुवर्षं कोट्यवधींचं शुल्क भरलं ते खाली जावं लागणार नाही या भरवशावर. तोटा सोसला. उद्या खाली गेलो तर प्रायोजक पळतील. खरं आहे. पण तो भरवसा ज्या कराराच्या आधाराने मिळाला तो महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नव्या व्यावसायिक भागीदारासाठी महासंघाने काढलेल्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. रेलिगेशन नसेल तर गुंतवणूक येते, हा युक्तिवाद आपण अकरा हंगाम वापरून पाहिला आणि त्याच्या शेवटी बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केलेल्या महासंघाच्या घटनेत अव्वल लीगने चढ-उताराचं तत्त्व पाळावं असं लिहिलेलं आहे. आता बहाणा कुणाच्या नावाने करणार?

माझ्या मते सुरुवातीला एकच संघ खाली जावा आणि एकच वर यावा. खाली जाणाऱ्याला दोन वर्षं लीगच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा मिळावा, म्हणजे खेळाडूंचे करार मोडावे लागणार नाहीत. आणि ही रचना पाच वर्षं बदलू नये, मग अध्यक्ष कुणीही असो. याहून मोठी सुधारणा मात्र अगदी तळाला लागेल. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत देशभर विमानाने फिरवण्याऐवजी विभागवार लीग करा. महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले संघ एसटीने किंवा रात्रीच्या रेल्वेने एकमेकांकडे जाऊ शकतात. नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्याला एक सामना, घरी आणि बाहेर. तीन आठवड्यांत उरकलेल्या स्पर्धेपेक्षा यात जास्त फुटबॉल होईल आणि खर्च वाढेलच असं नाही.

कोल्हापूरचा मुद्दा इथे येतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या, म्हणजे पेठांमधल्या मंडळांच्या, संघांचा सामना असला की पेठांमध्ये आठवडाभर दुसरा विषय नसतो. दुपारपासून माणसं दगडी पायऱ्यांवर जागा धरून बसतात, दोन्ही बाजूंचे झेंडे, शिट्ट्या, पंचांच्या नावाने होणारा उद्धार आणि सामना सुटल्यावर बाहेर पोलिसांचा बंदोबस्त. खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रत्येकाचा आपला पाठीराखा वर्ग आहे, काही घरांत तीन-तीन पिढ्यांचा. पैसे मोजून जाहिरात करूनही आय-लीगच्या कित्येक सामन्यांना अशी गर्दी जमत नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी खेळून आला. पण पुरुषांच्या आय-लीगमध्ये कोल्हापूरची एकही तालीम आजवर दिसलेली नाही. मुंबईचा केंकरे एफसी तरी दोन हंगाम आय-लीग खेळला. अर्थात २०२१ च्या पात्रता फेरीत तो पहिला आला नव्हता, जागा नंतर मिळाली, आणि २०२३ मध्ये तो खाली गेला.

कोल्हापूरकरांना राष्ट्रीय महत्त्वाकांक्षा नाही, त्यांना पेठेपुरतंच फुटबॉल हवं, असं मुंबई-पुण्यात बसून म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मी एखाद्या तालमीच्या कार्यकारिणीत असतो तर मीही आज चार पायऱ्यांच्या या शिडीवर पैसा लावला नसता, कारण दुसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत तिचं नाव बदललेलं असेल आणि शेवटच्या पायरीवर पोचून जिंकलो तरी निकाल लोझानला लागेल. त्यापेक्षा शाहू स्टेडियमवरची स्थानिक स्पर्धा जिंकणं केव्हाही शहाणपणाचं. तिथे निदान जिंकलं की जिंकलं असतं. वर जायचा नियम पाच वर्षांसाठी कागदावर आला आणि बेळगाव-मडगाव-पुण्याची विभागीय लीग पुढ्यात असली, तर शिवाजी पेठेतल्या बैठकीत वेगळा वाद झडेल: या हंगामाचा पैसा परदेशी स्ट्रायकरवर घालायचा, की लायसन्स असलेला प्रशिक्षक आणून तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा संघ बांधायचा. आज त्या बैठकीत स्ट्रायकर बिनविरोध निवडून येतो.